वर्तुळात फिरणारा प्रभारित कण आणि दर वर्षी चुकणारे तेच उत्तर

बारावीच्या विद्यार्थ्यांची स्थिरविद्युतिकीची उदाहरणे सुरू झाली की माझ्याकडे दर वर्षी एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून येते: ‘मॅडम, सूत्र बरोबर आहे, किमती बरोबर घातल्या आहेत, कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिले, तरी उत्तर पुस्तकाशी जुळत नाही.’ उदाहरण बहुधा एकाच कुळातले असते. एक प्रभार मध्यभागी, दुसरा त्याच्याभोवती वर्तुळात फिरणारा, आणि चाल, आवर्तकाल किंवा ऊर्जा विचारलेली. अशी वही समोर आली की मी मांडणी आधी वाचतच नाही. विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराने भागते आणि येणाऱ्या गुणोत्तराकडे पाहते, कारण या कुळात चूक कोठे झाली हे तो एक आकडा बहुतेक वेळा सांगून टाकतो. ज्यांचे उत्तर सतत चुकते त्यांनी हीच सवय लावून घ्यावी. पुन्हा पुन्हा आकडेमोड करण्यात वेळ जातो आणि चूक तेथे नसतेच.

तुलनेसाठी एक उदाहरण हाताशी असू द्यावे. हायड्रोजनच्या अणूचे बोरने १९१३ मध्ये मांडलेले चित्र त्यासाठी सोयीचे आहे. ते आजच्या क्वांटम सिद्धांतात जसेच्या तसे टिकत नाही, पण आकडे पडताळण्यापुरते पुरेसे आहे. प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन ५.२९ × १०^(−११) मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे धरले, तर त्यांच्यातील आकर्षणबल ८.२४ × १०^(−८) न्यूटन, इलेक्ट्रॉनची चाल २.१९ × १०^६ मीटर प्रतिसेकंद आणि एका फेरीचा काळ १.५२ × १०^(−१६) सेकंद येतो. गुरुत्वाकर्षण यात धरायचे की नाही, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. त्याच अंतरावर ते बल ३.६ × १०^(−४७) न्यूटन, म्हणजे विद्युत बलाच्या तुलनेत बावीस हजार कोटी कोटी कोटी कोटी कोटी पटींनीही अधिक दुबळे असल्यामुळे ते सोडून द्यावे.

समीकरण एकच आहे: केंद्राच्या दिशेने लागणाऱ्या सर्व प्रत्यक्ष बलांची बेरीज बरोबर एमव्ही-वर्ग भागिले आर (एम म्हणजे वस्तुमान, व्ही चाल, आर त्रिज्या). या ओळीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द वाचताना निसटतो आणि निम्म्या वह्या तेथेच बिघडतात.

मागच्या वर्षी तपासलेली एक वही अजून डोळ्यांसमोर आहे. मुलीने फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे एका वस्तूवर लागणारी सर्व बले दाखवणारी आकृती, पट्टीने आखून सुबक काढला होता, इलेक्ट्रॉनवर केंद्राकडे जाणारा एक बाण होता आणि त्यावर ‘विद्युत बल’ असे लिहिले होते. त्याला खेटून त्याच दिशेचा दुसरा बाण होता आणि त्यावर लाल शाईने ‘अभिकेंद्री बल’ असे लिहिले होते. खाली दोघांची बेरीज शून्याला समान केली होती, आणि चालीचा वर्ग ऋण आला तेव्हा तिने उणे चिन्ह खोडरबरने पुसून पुढे वर्गमूळ काढले होते. गंमत अशी की त्यामुळे उत्तर बरोबर आले, तिला पूर्ण गुण मिळाले असते, आणि ही चूक पुढच्या उदाहरणात दुप्पट होऊन परतली असती. गोफण फिरवणाऱ्याला हा घोळ पडत नाही. त्याच्या हाताला दोरीचा एकच ताण जाणवतो, आणि तो ताणच दगडाला वर्तुळात ठेवतो; ‘अभिकेंद्री’ हे त्या ताणाने केलेल्या कामगिरीचे नाव आहे, दोरीखेरीज आणखी कोणी दगडाला ओढत नसते. अणूत तीच कामगिरी विद्युत बलाकडे आहे. म्हणून आकृतीत अभिकेंद्री बलाचा बाण काढू नये, त्याला समीकरणाच्या उजव्या बाजूलाच राहू द्यावे. काही शिक्षक बाहेरच्या दिशेने अपकेंद्री बल दाखवून समतोल मांडतात. कणाबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले तर ते चुकीचे नाही, पण त्याच उत्तरात पुढे ‘कणाला त्वरण आहे’ असे लिहिले की दोन चौकटींची सरमिसळ होते, आणि मग तिसरे बल आले की चिन्हे कोठे कशी घ्यायची याचा पत्ता लागत नाही.

गुणोत्तर १.४१ किंवा ०.७१ आले तर

सर्वाधिक वेळा दिसणारा आकडा हाच. चाल १.४१४ पट, म्हणजे आपल्या उदाहरणात ३.०९ × १०^६ मीटर प्रतिसेकंद आली असेल, तर विद्यार्थ्याने बलाचे समीकरण न मांडता गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जेचा आकडा एकमेकांना समान केलेले असतात. वरून सोडलेल्या दगडाच्या उदाहरणांत ही युक्ती चालते, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. पण ऊर्जेच्या त्या समीकरणाने मिळते ती वर्तुळात फिरण्याची चाल नव्हे, तर प्रोटॉनच्या पकडीतून कायमचे निसटण्यासाठी लागणारी चाल. वर्तुळात राहणाऱ्या कणाची गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या आकड्याच्या निम्मीच असते. उत्तर ०.७०७ पट आले असेल, तर दिलेले अंतर व्यास आहे की त्रिज्या, हे उदाहरणाच्या वाक्यात पुन्हा एकदा वाचावे.

दोन्ही कण फिरत असतील तेव्हा मात्र हेच १.४१ वेगळ्या वाटेने येते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन मिळून बनणारे पॉझिट्रोनियम (हे मार्टिन डॉइच यांनी १९५१ मध्ये शोधले) याचे उत्तम उदाहरण आहे. दोघांचे वस्तुमान सारखे असल्यामुळे कोणीही मध्यभागी स्थिर बसत नाही आणि दोघेही मधल्या बिंदूभोवती फिरतात. दोघांतले अंतर १.०६ × १०^(−१०) मीटर धरले, तर दोन प्रभारांतील बल सांगणाऱ्या कूलोमच्या नियमात हे पूर्ण अंतर जाते, पण एमव्ही-वर्ग भागिले आर मध्ये जाणारी त्रिज्या त्याच्या निम्मी असते. एकाच ‘आर’ने दोन्हीकडे काम भागवले की चाल १.५५ × १०^६ येते. बरोबर उत्तर १.०९ × १०^६ मीटर प्रतिसेकंद आहे. हा घोटाळा टाळायचा असेल तर कूलोमच्या नियमातल्या अंतराला आणि वर्तुळाच्या त्रिज्येला पहिल्या ओळीपासूनच वेगळी अक्षरे द्यावीत, मग ती समान निघाली तरी काही बिघडत नाही. समभुज त्रिकोणाच्या टोकांवर फिरणाऱ्या तीन प्रभारांच्या उदाहरणातही नेमके येथेच पाणी मुरते, कारण तेथे त्रिज्या ही बाजू भागिले वर्गमूळ तीन इतकी असते.

दहाच्या घातांनी चुकलेली उत्तरे

ही पटकन उरकता येतील. चाल हजार पट आली असेल तर दोनपैकी एका प्रभाराचे मायक्रोकूलोम कूलोममध्ये न बदलता तसेच राहिले आहेत, आणि दहा लाख पट आली असेल तर दोन्हींचे. चाल ३१.६ पट कमी असेल तर ग्रॅमचे किलोग्रॅम झालेले नाहीत, ३.१६ पट कमी असेल तर अँगस्ट्रॉमला नॅनोमीटर समजले गेले आहे. उत्तर प्रकाशाच्या वेगाहूनही मोठे निघाले, तर एकके पाहण्याआधी समीकरणाकडे पाहावे. हायड्रोजनच्या उदाहरणात चाल ३ × १०^११ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या हजार पट आलेल्या वह्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. तेथे डावीकडचा आर-वर्ग आणि उजवीकडचा आर यांची काटछाट करताना एक आर छेदात उरायला हवा असतो, त्याऐवजी दोन उरलेले असतात. असे उत्तर पाहूनही विद्यार्थी त्याखाली दुहेरी रेघ मारून मोकळा होतो, याचे मला अजून नवल वाटते.

आवर्तकालाच्या प्रश्नांत आणखी एक गफलत होते, ती चुंबकीय क्षेत्राच्या प्रकरणातून आलेली असते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या कणाचा आवर्तकाल चालीवर अवलंबून नसतो आणि चाल वाढली की त्रिज्या वाढते, हे पाठ झालेले असते आणि ते येथेही लावले जाते. बिंदुप्रभाराभोवती नेमके उलट आहे. त्रिज्या चौपट केली की चाल निम्मी होते आणि आवर्तकाल आठपट. आणि क्षेत्र एकसमान असेल, म्हणजे दोन समांतर पट्ट्यांमधले असेल, तर केवळ त्या विद्युत क्षेत्रामुळे वर्तुळ होऊच शकत नाही; बलाची दिशा बदलत नसल्यामुळे मार्ग अन्वस्त होतो.

‘मॅडम, त्रिज्याच दिलेली नाही’

ही तक्रार मला मनापासून आवडते, कारण येथे चूक कोणाचीच नसते. लांब सरळ तारेवर एकसमान धन प्रभार पसरलेला आहे आणि तिच्याभोवती एक इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो आहे, चाल काढा. विद्यार्थी वाट पाहतो की त्रिज्या कोठेतरी दिलेली असेल, मग प्रश्न अपुरा आहे असे समजून सोडून देतो. तारेचे क्षेत्र अंतराच्या वर्गाने कमी होत नाही, केवळ अंतराने होते. त्यामुळे दोन्ही बाजूंचा एक एक आर पूर्णपणे उडतो आणि चाल प्रत्येक त्रिज्येला सारखीच येते. तारेवर दर मीटरला एक नॅनोकूलोम प्रभार असेल, तर इलेक्ट्रॉन तारेपासून एक सेंटिमीटरवर फिरो की दहा सेंटिमीटरवर, त्याची चाल १.७८ × १०^६ मीटर प्रतिसेकंद आणि गतिज ऊर्जा जवळपास ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या मापाचे ऊर्जेचे एकक) असते. अट एवढीच की कणाचा आणि तारेचा प्रभार विरुद्ध असला पाहिजे. इलेक्ट्रॉनऐवजी प्रोटॉन घेतला की चालीचा वर्ग ऋण येतो, आणि तेथे उणे चिन्ह पुसायचे नसते. ते वर्तुळ अशक्य असल्याचे ते चिन्ह सांगत असते.

ही केवळ परीक्षेसाठी रचलेली कल्पना नाही. नळीच्या अक्षावर ताणलेल्या बारीक तारेभोवती आयन (प्रभारित अणू) फिरत ठेवण्याची रचना किंगडन यांनी १९२३ मध्ये केली, आणि आज प्रयोगशाळांत वापरले जाणारे ऑर्बिट्रॅप हे वस्तुमान मोजणारे यंत्र त्याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. अलेक्झांडर माकारोव्ह यांनी तारेच्या जागी चातीच्या आकाराचा विद्युताग्र (इलेक्ट्रोड) बसवला. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. आयनाच्या चातीभोवतीच्या फेऱ्यांचा काळ त्याची चाल आणि त्रिज्या यांवर अवलंबून राहतो, म्हणून वस्तुमान मोजण्यासाठी त्या फेऱ्या न वापरता चातीच्या लांबीच्या दिशेने होणारे आयनाचे हेलकावे वापरले जातात.

याच जातीचे दुसरे उदाहरण म्हणजे वक्र पट्ट्यांमधून जाणारा आयन. आधी व्ही एवढ्या विभवांतराने वेग दिला आणि मग ई एवढ्या क्षेत्रात वळवला, तर त्रिज्या दोन व्ही भागिले ई एवढी येते. १००० व्होल्ट आणि दर मीटरला १०,००० व्होल्ट धरले तर ०.२ मीटर. विद्यार्थी विचारतात, वस्तुमान कोठे गेले? ते उडाले, प्रभारही उडाला. प्रोटॉन असो की हेलियमचे केंद्रक, दोघे एकाच वाटेने वळतात. म्हणूनच असा विभाग वस्तुमानाची निवड करत नाही, दर प्रभारामागच्या ऊर्जेची करतो.

ऊर्जेचे उत्तर तिप्पट किंवा उलट चिन्हाचे

हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा १३.६, स्थितिज ऊर्जा −२७.२ आणि एकूण −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. उत्तर ४०.८ आले असेल तर स्थितिज ऊर्जेचे उणे चिन्ह हरवले आहे, आणि +१३.६ आले असेल तर विद्यार्थ्याने गतिज ऊर्जेलाच एकूण ऊर्जा म्हटले आहे. याच्याच पोटातून ‘ऊर्जा दिली तर इलेक्ट्रॉन मोठ्या वर्तुळात जातो, मग त्याची चाल कमी कशी होते?’ हा प्रश्न निघतो. दिलेल्या ऊर्जेसोबत गतिज ऊर्जेतलाही वाटा स्थितिज ऊर्जेत जमा होतो. स्थितिज ऊर्जेची वाढ दिलेल्या ऊर्जेच्या दुप्पट असते आणि दिलेल्या ऊर्जेइतकीच तूट गतिज ऊर्जेला सोसावी लागते.

दोऱ्याला बांधलेला प्रभारित गोळा

आतापर्यंतच्या चुका गुणोत्तराने पकडता येतात. ही पकडता येत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. अर्धा मीटर लांबीच्या रेशमी दोऱ्याला १० ग्रॅमचा गोळा बांधला आहे, गोळ्यावर आणि दोरा बांधलेल्या खिळ्यावर सारखाच धन प्रभार आहे, आणि गोळ्याने उभे वर्तुळ पूर्ण करावे म्हणून सर्वांत खालच्या बिंदूला किमान किती चाल द्यावी, असा प्रश्न आहे. प्रभार नसता तर पाच जीएलचे (जी म्हणजे गुरुत्व त्वरण, एल म्हणजे दोऱ्याची लांबी) वर्गमूळ, म्हणजे ४.९५ मीटर प्रतिसेकंद, हे सर्वांना पाठ असते. प्रभारामुळे वरच्या बिंदूला प्रतिकर्षण बाहेर ढकलते, म्हणून तेथे ताण शून्य ठेवून समीकरण मांडले की चालीच्या वर्गात पाच जीएलमधून विद्युत बल गुणिले लांबी भागिले वस्तुमान एवढे वजा होते. अंतर बदलत नसल्यामुळे विद्युत स्थितिज ऊर्जा सगळीकडे सारखीच राहते, तिचा विचार करावा लागत नाही. दोन्ही प्रभार १ मायक्रोकूलोमचे असतील तर बल ०.०३६ न्यूटन आणि उत्तर ४.७६ मीटर प्रतिसेकंद. येथवर सर्व ठीक.

आता प्रभार २ मायक्रोकूलोम करा. बल ०.१४४ न्यूटन होते, गोळ्याचे वजन ०.०९८ न्यूटन आहे, आणि त्याच सूत्राने उत्तर ४.१६ मीटर प्रतिसेकंद येते. हे उत्तर लिहून विद्यार्थी पुढे जातो; चालीचा वर्ग धन आहे, एकके जुळतात, शंका घेण्याजोगे काहीच दिसत नाही. पण ४.१६ चालीने सुटलेला गोळा किती उंच जाईल ते काढून पाहावे: ०.८८ मीटर. वर्तुळाचा माथा एक मीटरवर आहे. गोळा बारा सेंटिमीटर अलीकडेच थांबेल आणि आल्या वाटेने मागे फिरेल. घडले असे की प्रतिकर्षण वजनापेक्षा मोठे झाल्यावर दोरा कोठेच सैल पडत नाही. तो ताठ दांडीसारखा वागू लागतो, आणि दांडीच्या उदाहरणात वरच्या बिंदूला ताण शून्य व्हावा ही अट नसते, चाल शून्य व्हावी ही असते. म्हणून बरोबर उत्तर चार जीएलचे वर्गमूळ, ४.४३ मीटर प्रतिसेकंद. प्रभार याहून कितीही वाढवला तरी ते तेवढेच राहते. या प्रकारच्या उदाहरणात सूत्रात आकडे घालण्याआधी विद्युत बल आणि वजन यांची तुलना करावी, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. प्रभार विरुद्ध असतील तर ही अडचण येत नाही. तेव्हा आकर्षण वजनाच्या मदतीला येते आणि लागणारी चाल वाढते.

एक्सेलमधला इलेक्ट्रॉन बाहेर का पळतो

गेली काही वर्षे हा प्रश्न प्रकल्पाच्या निमित्ताने येतो. त्रिज्या १, चाल १ आणि आवर्तकाल ६.२८ होईल अशी एकके निवडून विद्यार्थी एक्स, वाय, दोन्ही दिशांचे वेग आणि त्वरण यांचे रकाने करतात, दर ओळीला वेळ ०.०१ ने वाढवतात आणि आलेख काढतात. वर्तुळाऐवजी बाहेर उलगडत जाणारी सर्पिल रेषा दिसते. ६२८ ओळींनंतर त्रिज्या १ असायला हवी, ती साधारण १.११ झालेली असते. ‘प्रभारित कण प्रारण सोडतो (विद्युतचुंबकीय लहरींतून ऊर्जा बाहेर टाकतो), म्हणून असे होत असेल’ असे स्पष्टीकरण मोठ्या उत्साहाने दिले जाते. पण प्रारणाने ऊर्जा कमी झाली तर कण आत यायला हवा. अभिजात नियमांनुसार इलेक्ट्रॉन सुमारे १.६ × १०^(−११) सेकंदांत प्रोटॉनवर कोसळला असता. येथे तो बाहेर जातो आहे, तेव्हा ऊर्जा कोठून तरी वाढते आहे आणि ती वहीखात्यातली गळती आहे. खात्री करण्यासाठी वेळेची पायरी ०.००५ करून पाहावी. वाढ जवळपास निम्मी, १.०६ पर्यंत झाली, तर दोष पायरीचा आहे, भौतिकशास्त्राचा नाही.

उपाय एका घरापुरता आहे. नव्या ओळीतले स्थान काढताना मागच्या ओळीतला वेग वापरलेला असतो. त्याऐवजी आधी मागच्या स्थानावरून त्वरण घेऊन नवा वेग काढावा आणि नव्या स्थानासाठी तोच नवा वेग वापरावा. एक्सच्या आणि वायच्या रकान्यात सूत्रातल्या वेगाच्या घराचा ओळीचा क्रमांक एकाने पुढे नेऊन ते सूत्र खालपर्यंत ओढले की सर्पिल नाहीसा होतो. त्रिज्या एक टक्क्याच्या आत हेलकावते, पण वाढत जात नाही.

दुरुस्तीनंतरही मार्ग लंबवर्तुळ दिसत असेल, तर सुरुवातीची चाल १ नाही किंवा सुरुवातीचा वेग त्रिज्येला काटकोनात नाही. आणि याच पत्रकात सुरुवातीच्या चालीच्या घरात १ ऐवजी १.४१४ लिहून पाहावे, म्हणजे ऊर्जा समान करून काढलेली ती चुकीची चाल. दहा फेऱ्यांना लागला असता तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन पंचवीस त्रिज्या दूर गेलेला असतो आणि ओळी कितीही खाली ओढल्या तरी तो परत येत नाही.